ए बाजू संपते तिथून पुढे

आमच्या घरात एक नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. तिच्यावर अण्णांच्या अक्षरात, निळ्या शाईनं, 'दरबारी, फेब्रु. ९४' एवढंच लिहिलंय. दरबारी हा मध्यरात्रीचा राग. गाणाऱ्याचं नाव नाही, कारण आमच्या घरात ते कुणाला सांगावं लागत नाही. इथंही मी ते लिहिणार नाही, पण त्याचं कारण वेगळं. पुढचं वाचून कुणी त्यांच्याबद्दल वाईट मत करून घेऊ नये. मी त्यांना नुसतं बुवा म्हणतो.

बैठक सांगलीजवळच्या एका वाड्यात झाली होती. माणसं साठ-सत्तर असतील. बाराच्या सुमाराला लाईट गेली, पेट्रोमॅक्स पेटवली, माईक बंद पडला तो बरंच झालं असं म्हणून बाजूला ठेवला आणि बुवांनी दरबारी लावला. अण्णांच्या एका मित्राकडं सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर होता. त्यानं तो तंबोऱ्याच्या मागं ठेवून बटण दाबलं.

मी तेव्हा तेरा वर्षांचा. बैठकीला नव्हतो, घरी झोपलो होतो. कॅसेट मात्र तेव्हापासून इतक्या वेळा ऐकली आहे की कुठं कोण खोकतं तेही पाठ आहे. विलंबित एकताल, एकेक आवर्तन मिनिटभराचं. पहिली वीस मिनिटं बुवा मंद्रातून, खालच्या सप्तकातून, वर येतच नाहीत. मग मध्य सप्तक, मग कोमल धैवतावरचा तो झोका, मग निषाद. निषादावर थांबतात. बैठकीत कुणीतरी श्वास ओढल्याचा आवाज येतो. आता तार षड्ज, वरचा सा, लागणार आणि... खट्. ए बाजू संपते.

बी बाजू सुरू होते तेव्हा बुवा खाली उतरत असतात, 'ग म रे सा' चालू असतं, आणि कुणाची तरी अर्धी दाद ऐकू येते, "...बात है!"

मधे काय झालं ते कॅसेटवर नाही. अंधारात त्या मित्राला बटण सापडेना म्हणे. अण्णा समोर बसले होते. लहानपणी मी त्यांना शंभरदा विचारलं असेल, की तिथं बुवांनी काय केलं? ते म्हणायचे, "सांगता आलं असतं तर कॅसेट कशाला करावी लागली असती?"

बुवांना समोर बसून ऐकायची संधी त्यानंतर मला कधी मिळाली नाही. ते या भागात फारसे आलेच नाहीत. मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो, हंगामात रजा मागायची सोय नसते. दोनदा तिकीट काढून जाणं रद्द झालं. एकदा बायकोचं बाळंतपण, एकदा महापूर.

म्हणून गेल्या वर्षी जाहिरात दिसली तेव्हा मी किंमतही बघितली नाही. डिसेंबर, पुणे, मोकळं मैदान, एका संध्याकाळचा कार्यक्रम. कार्यक्रमाचं नाव 'रात्रीचे राग' आणि त्याच्याखाली, 'सायं. ५.३० ते १०'.

खरं तर तिथंच हसू यायला हवं होतं.

हे का होतं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद. वर्षात ठरावीक पंधरा दिवसांपर्यंत सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस बहुतेक सणांना लागतात. बंद सभागृहाला हे लागू नाही, पण दोन-तीन हजार माणसं मावतील एवढं सभागृह आणायचं कुठून? पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केला, तो पुढं कित्येक वर्षं रात्रभर चालायचा. अण्णा आणि त्यांचे मित्र घोंगडी घेऊन जायचे आणि सकाळी चहा पिऊन परतीची गाडी पकडायचे. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. आमच्या गल्लीत गणपतीच्या दिवसांत दहा वाजता मीच घड्याळाकडं बघत असतो. पण नियमानं मध्यरात्र गेली, आणि मध्यरात्रीबरोबर दरबारी, मालकंस, अडाणा हे सगळे राग बेघर झाले. आता ते संध्याकाळी सातला कुणाच्याही ओसरीवर बसलेले दिसतात.

तिकीट १८०० रुपयांचं. सकाळी मिरजेहून कोयना एक्स्प्रेस धरली, दुपारी पुण्यात. अण्णांना यायचं होतं, पण गुडघ्यांमुळं जमलं नाही. निघताना म्हणाले, "ए बाजू संपते तिथं कान दे." त्यांनी सांगायची गरज नव्हती.

फाटकावर पिशवी तपासली आणि पाण्याची बाटली काढून घेतली. तीच बाटली आत चाळीस रुपयांना मिळत होती. पुढं सोफे, मग गादीच्या खुर्च्या, मग आमच्या प्लास्टिकच्या, एकमेकींना दोरीनं बांधलेल्या. माझी खुर्ची शेवटून चौथ्या रांगेत, साऊंडवाल्यांच्या टेबलाला लागून. प्रथम वाईट वाटलं. नंतर कळलं की त्या मैदानातली ती सगळ्यात चांगली जागा होती, पण ते पुढं येईल.

साडेपाचचा कार्यक्रम सहा दहाला सुरू झाला. पहिल्यांदा एक तरुण गायिका पूरिया धनाश्री गायल्या. सूर्य नुकताच मावळला होता, राग आपल्या वेळेला होता, आणि बाईंची तयारी अशी की पंचमावर आल्या की मैदानातली कुजबुज आपोआप थांबायची. चाळीस मिनिटं. त्या वेळी सोफे सगळे रिकामे होते. त्या रिकाम्या सोफ्यांकडं बघून गात होत्या. त्या दिवशीचं पूर्ण गाणं असं तेवढंच झालं.

मग दीपप्रज्वलन. हो, मधेच, कारण पाहुणे तेव्हा आले. मग प्रायोजकांचा सत्कार, शाल, श्रीफळ, पगडी. शाली संपल्या म्हणून आतून आणखी आणल्या. मग मोठ्या पडद्यावर एका गृहप्रकल्पाची चित्रफीत, तीच दोनदा, कारण पहिल्यांदा आवाज आला नव्हता. निवेदक प्रत्येक पाहुण्यासाठी कवितेची एक ओळ म्हणत होते. मी घड्याळ लावून बघितलं, सत्तेचाळीस मिनिटं. पूरिया धनाश्रीला चाळीस आणि नारळाला सत्तेचाळीस.

त्यानंतर तालवाद्यांची जुगलबंदी तासभर. वाईट नव्हती. वाजवणारे तयारीचे होते, लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. पण तीन ढोलक्या, दोन तबले आणि एक ड्रमसेट एवढ्या आवाजात ऐकल्यावर कानाला जे दडे बसतात, ते घेऊन दरबारीला बसायचं म्हणजे ठेचा खाऊन खीर चाखण्यासारखं.

बुवा स्टेजवर आले तेव्हा आठ पन्नास झाले होते. वय ७६. दोन शिष्य तंबोऱ्यावर, शिवाय एक मागं गायला.

जुळवाजुळव सुरू झाली. मिरजेत वाढल्यामुळं तंबोऱ्यांचं थोडंफार कळतं. आमच्याकडं सतारमेकर गल्लीत नुसतं उभं राहिलं तरी जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावतानाचा आवाज कानावर पडतो. डिसेंबरच्या उघड्या हवेत तारा आकसतात आणि चढतात. दव पडलं की तबल्याचं चामडं ढिलं होतं आणि तो उतरतो. वर स्टेजवरच्या दिव्यांचा ताव, त्यानं तारा पुन्हा उतरतात. म्हणजे तीन वाद्यं तीन दिशांना पळत असतात. अशा वेळी दहा मिनिटं शांतता लागते. आमचे निवेदक त्या वेळात बुवांचा परिचय वाचत होते, माईकवरून. बुवांनी एकदा हात वर केला. निवेदकांना वाटलं आशीर्वाद दिला. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि पुढचं पान उलटलं.

नऊ वाजून सहा मिनिटांनी दरबारी सुरू झाला.

मला काही ऐकूच येईना. म्हणजे आवाज भरपूर होता. डग्गा छातीवर आपटत होता, पेटी कर्कश होती, पण तंबोरे गायब, आणि बुवांचा मंद्र त्या डग्ग्याच्या घुमाऱ्याखाली कुठंतरी बुडालेला. दरबारी हा मंद्रातच राहणारा राग. त्याचा गांधार धड पेटीच्या पट्टीवरही सापडत नाही. तो हलतो, रिषभाकडं झुकून डोलतो, आणि तो डोलताना दिसायचा तर मागं तंबोऱ्याची स्थिर भिंत लागते. भिंतच नसेल तर डोलणं कशावर दिसणार? बुवांनी तीनदा सांगितलं, "तंबोरा वाढवा." तिसऱ्यांदा जरा चिडून.

माझ्या शेजारी टेबलामागं जो मुलगा बसला होता तो विशीबाविशीतला असेल. मी वैतागून त्याला म्हणालो, "अरे, तंबोरा कुठाय?"

"काका, वाढवला की शिट्टी मारतोय. साऊंड चेकला वेळच दिला नाही. सकाळपासून पडदा जोडत होते." मग तोंडातला घास गिळून म्हणाला, "ऐकायचाय का तंबोरा?" आणि कानावरचा हेडफोन काढून माझ्यापुढं धरला.

मी तो कानाला लावला.

आत मैफल होती. दोन्ही तंबोरे, सुरात, एकमेकांत मिसळलेले, खर्जाची तार सुटली की खालून उगवणारा तो गांधारसुद्धा. आणि बुवा. श्वास घेतल्याचा आवाज येत होता, ओठ मिटून गुणगुणल्यासारखा मंद्र धैवत, त्याला हळूच दिलेलं आंदोलन. आवाज थकलेला होता, कडेला जरा फाटत होता, पण गांधार जागच्या जागी. कॅसेटवरचाच. दोन आवर्तनं ऐकली असतील. मग त्या मुलानं हात पुढं केला, कारण त्याला काम होतं. मी हेडफोन परत दिला आणि पुन्हा डग्ग्याच्या तावडीत आलो.

तीन हजार माणसं मैदानात होती आणि दरबारी एका हेडफोनमध्ये चालला होता. अजूनही मला त्या रात्रीतलं तेवढंच चटकन आठवतं, आणि राग येतो तोही तेवढ्याचाच.

बुवांना वेळेचा अंदाज होता. कॅसेटवर ज्या वाटेला पंचेचाळीस मिनिटं लागली ती ते चौदा मिनिटांत चालून आले. मध्यम, पंचम, धैवत. माणसं मोबाइल वर धरून होती. पुढं सोफ्यांवर आता पाहुणे होते, त्यांतले दोघे एकमेकांच्या कानात बोलत होते. आणि बुवा निषादावर आले.

थांबले. डोळे मिटले. पडद्यावर त्यांचा चेहरा दोन मजली दिसत होता, कपाळावरची शीर दिसत होती. मी खुर्ची धरली. एकतीस वर्षं मी ज्या जागेवर 'खट्' ऐकत आलो होतो ती जागा समोर होती आणि बटण दाबणारं कुणी नव्हतं.

बुवांनी डावा हात मागं नेला आणि शिष्याच्या गुडघ्यावर ठेवला.

शिष्यानं तार षड्ज लावला. स्वच्छ, गोल, मोठा, कुठंही न कापणारा. मैदानातून टाळ्यांचा कडकडाट. बुवा हसले, मान हलवली, आणि खाली उतरणारी 'ग म रे सा' स्वतः घेतली. बी बाजू सुरू झाली.

आता यात चूक कुणाची? आपल्याकडं ही रीतच आहे. म्हातारा गुरू वरचा सूर शिष्याला देतो, त्यात कमीपणा नाही, उलट जपणूक आहे. त्या मुलानं सूर सुंदर लावला होता. दुसऱ्या कुणाच्या मैफलीत मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्या क्षणी मला त्या पोराचा इतका राग आला की मला माझीच लाज वाटली.

पुढचं थोडक्यात. द्रुत बंदिश चार-पाच मिनिटं. मग निवेदक चिठ्ठी घेऊन आले. पाहुण्यांची फर्माईश, अभंग. बुवांनी घड्याळाकडं बघितलं आणि अभंग घेतला. निवेदक स्टेजच्या कडेला उभे राहून डोक्यावर हात नेऊन लोकांना ताल धरायला लावत होते, आणि लोक दर आवर्तनाला जरा जरा पुढं पळत होते. तबलजी बिचारे लोकांबरोबर पळावं की बुवांबरोबर राहावं या पेचात. नऊ अठ्ठावनला संपलं. आभारप्रदर्शन सुरू झालं आणि दहाच्या ठोक्याला माईक बंद केला गेला. आभार मानणारे गृहस्थ ओठ हलवत राहिले. त्या दिवसातला नियमाचा तेवढाच फायदा.

रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पुण्याला मध्यरात्रीनंतर येते. फलाटावर बसून मी मोबाइलवर आयोजकांना पत्र लिहिलं. चार परिच्छेद. पहिला आवाजाबद्दल, दुसरा सत्तेचाळीस मिनिटांबद्दल, तिसरा 'रात्रीचे राग' असं नाव देऊन फसवल्याबद्दल. चौथ्यात लिहिलं की बुवांची आता पट्टीही, म्हणजे गाण्याचा मूळ सा, उतरली आहे, अशा कलाकाराला दमवून शेवटी बसवणं बरं नव्हे. पट्टीचं मी मोघम लिहिलं नव्हतं. गाणं चालू असताना मोबाइलवर सूर तपासला होता, काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी. कॅसेटवर तार षड्जाच्या आधी तो तिच्या लगेच वरच्या पांढरी दोनला असतो, हे मला पेटीवर बसून कधीचं माहीत होतं. पत्र पाठवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, 'आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे.'

सकाळी घरी पोचलो तेव्हा अण्णा जागेच होते.

"गायले दरबारी?"

"गायले."

"किती वेळ?"

"विलंबित अठरा मिनिटं."

"मग गायले कुठं?" म्हणाले आणि पेपर उघडला. तार षड्जाचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मिरजेत माझा एक मित्र तंबोरे बनवतो. पंढरपूरकडचे भोपळे आणून त्याच्या घरात तीन पिढ्या हेच चालू आहे. त्याला मी पट्टीचं सांगितलं, जरा मोठेपणानंच, की बघ, मला फरक कळला. तो म्हणाला, कॅसेट घेऊन ये.

दुकानात त्यानं ती जुन्या यंत्रावर लावली आणि एक तंबोरा मांडीवर घेतला. सुरुवातीला तंबोरा कॅसेटशी जुळवला. दहा मिनिटांनी म्हणाला, "बघ." जुळवलेला तंबोरा कॅसेटच्या सुराखाली पडला होता. पुन्हा जुळवला. पुन्हा दहा मिनिटांनी तेच. ए बाजूच्या शेवटाला जवळजवळ अर्ध्या सुराचा फरक, काळी एकची पांढरी दोन झाली होती.

"बुवा चढत गेले म्हणजे?"

"बुवांबरोबर तंबोराही चढला, पेटीही चढली, खोकणारा माणूससुद्धा चढलाय. सेल उतरले होते तुमच्या रेकॉर्डरचे. घेताना यंत्र हळू हळू फिरायला लागलं, आता आपण ते नेहमीच्या वेगानं वाजवतोय, म्हणून वर जातं." मग हसून म्हणाला, "तुझे बुवा तेव्हाही काळी एकचेच होते."

म्हणजे माझ्या पत्रातला एक परिच्छेद खोटा होता. उरलेल्या तिघांना मी अजून चिकटून आहे. पण हे ऐकल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला फारशी आवडली नाही. कॅसेटवर निषादाकडं जाताना जो ताण वाढत जातो, अंगावर काटा येतो, वाटतं की आता काहीतरी फुटणार, त्यातला थोडा हिस्सा बुवांचा नव्हताच. तो चार उतरलेल्या सेलांचा होता. आणि मी पुण्याला जाऊन ७६ वर्षांच्या माणसाकडं तोही मागत होतो.

मित्राच्या भाच्यानं कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन वेग सारखा करून दिला. ए बाजू पूर्वी पंचेचाळीस मिनिटांची होती, ती आता मिनिटभरानं लांबली. गाणं जरा जड झालं, आणि खरं सांगायचं तर आणखी चांगलं झालं. पोरगं हुशार. त्यानं दोन्ही बाजू जोडल्या होत्या, मधली खरखर पुसली होती, निषादावरून थेट 'ग म रे सा'. अडखळल्यासारखंही वाटत नव्हतं.

रविवारी अण्णांना ऐकवलं. पट्टीबद्दल ते काही बोलले नाहीत. निषाद आला तसा त्यांचा हात नेहमीसारखा मांडीवरून वर उठला, आणि बुवा एकदम खाली उतरले. अण्णांचा हात तसाच राहिला.

"मधलं कुठं गेलं?"

"मधलं नव्हतंच अण्णा. कॅसेट उलटली होती."

"उलटायला वेळ लागला होता की. तो कुठं गेला?"

मी भाच्याला फोन लावला. जागा परत ठेव म्हटलं. तो म्हणाला ठेवतो, पण किती सेकंदांची ठेवू? मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं.

"अंधार होता," म्हणाले. "चाळीस धर."